बंद पडलं तर कोण येणार?

फेब्रुवारी २०२१ मधल्या एका दुपारी मी हिंजवडीतल्या ऑफिसच्या जिन्यात बसून आमच्या गावच्या ग्रंथपाल बाईंना फोनवर एकेक इंग्रजी अक्षर सांगत होते.

"एस, यू, डी, ओ. सूडो."

"सूड? कुणावर गं?"

"सूडो, बाई. आता एक स्पेस."

"म्हणजे एक बोट जागा सोडायची."

"हो, एक बोट."

बाईंनी एक बोट सोडलं. पुढची आज्ञा दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. मग पासवर्ड. "काहीच उमटत नाहीये," बाई म्हणाल्या. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाकताना काही उमटत नाही. चांदण्या नाहीत, ठिपके नाहीत. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. की-बोर्ड बिघडला असं समजून त्यांनी तो उलटा करून झटकला, पुन्हा टाकला, आणि तीन चुकांनंतर यंत्रानं त्यांना हाकललं. मागे वाचनालयात कुणीतरी "बाई, 'मृत्युंजय' आहे का?" असं विचारल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "तू काम कर तुझं. मी बघते."

मी सर्व्हर सांभाळण्याचा पगार घेते. शेकडो सर्व्हर, त्यातला कुठलाही बंद पडला तर माझ्या फोनवर दोन मिनिटांत घंटा वाजते. आणि माझ्या गावातलं सोळा हजारांत घेतलेलं एक यंत्र पुढे एकोणीस दिवस बंद राहिलं, ते केवळ माझ्यामुळे. त्यावर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम असावी, हे मी ठरवलं होतं. कसं ठरवलं, ते सांगते.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. आजूबाजूला ऊस, उसात बिबट्या, आणि हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. वाचनालय जुन्या चावडीशेजारी आहे. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ते हप्त्यांनी येतं, आणि कधी येईल याचा अंदाज बांधण्यात आमचं कार्यकारी मंडळ पटाईत झालेलं आहे. चौदा हजारांच्या आसपास पुस्तकं, दोन कपाटभर बांधीव दिवाळी अंक, एक टेबल, आणि बाई. मी पाचवीत होते तेव्हापासून त्याच. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणतं.

वाचनालयात एक संगणक होता. त्यावर विंडोज एक्सपी. त्या एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली होती आणि मी तो पाहिला तेव्हा २०२० उजाडलं होतं. त्यावर ग्रंथालयाचं एक सॉफ्टवेअर होतं, कुणा विक्रेत्यानं बसवून दिलेलं. तो विक्रेता दुकान गुंडाळून गेलेला. सॉफ्टवेअर चालायला मागे एक डोंगल लागे, अंगठ्याएवढं प्लास्टिकचं कुलूप. ते काढलं की पडद्यावर 'परवाना नाही'. त्या डोंगलची एक पट्टी तुटलेली होती आणि बाईंनी ती रबरबँडनं बांधली होती.

मला वाटलं होतं, आतली माहिती काढून घेऊ. ती निघालीही. उघडून बघितली तर 'k`YNaa' असल्या थाटाची हजारो ओळींची गचडी. तीसपेक्षा कमी वय असलेल्यांसाठी सांगते: युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी टंकलेखन बरंचसं सोंग होतं. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि वरून त्या-त्या कंपनीचा फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. काही फॉन्टांसाठी परत युनिकोडमध्ये नेणारी साधनं मिळतात. आमच्या त्या फॉन्टसाठी मला एकही मिळालं नाही. तेरा वर्षांचं काम डोळ्यांसमोर होतं आणि वाचता येत नव्हतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मी लॅपटॉप घेऊन घरी आले, वाचनालयाला कुलूप लागलं. तेव्हा बाईंनीच मार्ग काढला. दाखल नोंदवह्या. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक ज्या जाडजूड वहीत क्रमानं लिहिलं जातं ती: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, शेरा. अशा अकरा वह्या बाईंनी घरी आणल्या. माझं ऑफिसचं काम संपलं की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचे, सहा फूट अंतर आणि तोंडाला रुमाल. त्या वाचायच्या, मी टाइप करायचे. दिवसाला साठ-सत्तर पुस्तकं.

हे काम संथ व्हायचं, कारण बाई नुसतं वाचत नसत. "तीन हजार चारशे बारा, 'गारंबीचा बापू', श्री. ना. पेंडसे. याची पहिली प्रत पुरात भिजली, ही दुसरी." "याचं शेवटचं पान नाही, सांगूनच देते मी." "हे एका शिक्षकांनी बायकोच्या वर्षश्राद्धाला दिलेलं." शेऱ्याच्या रकान्यात यातलं काहीच नव्हतं. मी विचारलं, हे लिहीत का नाही? त्या म्हणाल्या, "तपासणीला येणारे साहेब शेरा वाचतात. त्यात 'निर्लेखित' किंवा 'गहाळ' एवढंच चालतं."

ऑक्टोबरमध्ये वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली तोवर जवळपास बारा हजार नोंदी झाल्या होत्या.

सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. 'कोहा'. त्याचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातला. तिथल्या ग्रंथालय न्यासाला १९९९ साली कळलं की आपली जुनी प्रणाली २००० साल बघू शकणार नाही. तयार विकत घेण्याऐवजी त्यांनी कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये चालू केली आणि सगळ्यांसाठी मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एका लहान गावानं स्वतःची अडचण सोडवली आणि आज ते जगभरच्या ग्रंथालयांत चालतं. बाईंना ही गोष्ट सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मेंढ्यांचा देश ना तो?" आणि मग, "आपल्यासारखंच गाव असेल."

प्रश्न होता तो कोहाच्या खाली काय, हा. आणि इथे मी माती खाल्ली.

कोहाचे लोक डेबियन किंवा उबंटूसाठी तयार पॅकेज देतात. चार आज्ञा द्या, बसतं. बाकी ठिकाणीही बसवता येतं, पण मग पर्लची शंभरेक छोटी मॉड्यूलं एकेक करून गोळा करा, सेवा हातानं जोडा. मी डेबियन वापरलेलं नव्हतं. मी ऑफिसात सेंटओएस सांभाळत होते. डोळे झाकून आज्ञा देता येतील इतकं. शिवाय, आता हे लिहिताना थोडी लाज वाटते, मला ते 'खऱ्या' कामाचं वाटायचं. बँका वापरतात, मोठ्या कंपन्या वापरतात. आमच्या गावच्या वाचनालयालाही तेच देऊ, त्यात माझा रुबाब होता. सेंटओएसची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ ला आलेली, दुरुस्त्या मे २०२९ पर्यंत. सातवी घेतली असती तरी २०२४ पर्यंत निभावलं असतं, पण मला ताजी हवी होती.

पॅकेज नव्हतं तर मी सगळं हातानं जुळवलं. तीन रात्री लागल्या. जमलं तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते आणि मी अंगणात जाऊन एकटीच नाचले.

नोव्हेंबरमध्ये कार्यकारी मंडळाची बैठक झाली. मंडळात एक निवृत्त मुख्याध्यापक, एक मेडिकल दुकानदार (तेच कार्यवाह), एक दूध संकलन केंद्रवाले, आणि दादा. दादा पूर्वी गावच्या विकास सोसायटीचे अध्यक्ष होते, ऐंशीच्या घरात. मी मोबाईलवर पुस्तक शोधून दाखवलं. मुख्याध्यापकांनी 'श्यामची आई' शोधली, तीन प्रती आहेत आणि एक बाहेर गेली आहे हे दिसलं, टाळ्या पडल्या. दादांनी विचारलं, "हे किती वर्षं चालेल?"

"२०२९ पर्यंत काळजी नाही," मी म्हणाले. इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. ते पान अजून आहे.

८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ च्या दुरुस्त्या २०२९ ला नाही, ३१ डिसेंबर २०२१ ला थांबणार. सात वर्षांहून जास्त आयुष्य एका घोषणेत कापलं गेलं. जगभरच्या प्रशासकांनी त्या आठवड्यात जो थयथयाट केला तो मी वाचला, थोडा स्वतःही केला. पण खरं सांगायचं तर कुणी मला फसवलं नव्हतं. फुकट मिळणारी गोष्ट होती, तिच्यामागे एका कंपनीचा पैसा होता, आणि कंपनीनं तिच्या सोयीचा निर्णय घेतला. मी तारीख वाचली होती. ती तारीख कुणाच्या हातात आहे, हे वाचलं नव्हतं.

मंडळाला मी काही सांगितलं नाही. वर्ष हातात आहे, गुपचूप बदलून टाकू, असं मनाशी ठरवलं आणि जानेवारीत पुण्याला परतले.

फेब्रुवारीत गावातली डीपी जळाली. उसाच्या पाण्याच्या पाळ्या सुरू असल्या की सगळ्या मोटारी एकदम चालतात आणि दर वर्षी एखादी तरी जळतेच. दोन दिवस लाईट नव्हती. इन्व्हर्टर संपला, सर्व्हर बंद पडला. लाईट आली, बाईंनी बटण दाबलं, यंत्र सुरू झालं, कोहा नाही.

कारण इतकं साधं होतं की ऑफिसातल्या कुणाला मी अजून सांगितलेलं नाही. सेंटओएसमध्ये एसईलिनक्स नावाचा एक कडक पहारेकरी असतो. कोण कुठल्या फाईलला हात लावतो यावर त्याची नजर. माझी हातजोडणी त्याला पसंत नव्हती, तो अडवत होता. त्या पहाटे मी त्याला 'सेटएन्फोर्स शून्य' अशी आज्ञा देऊन गप्प बसवलं होतं. ती आज्ञा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. नंतर पहारेकरी परत दारात उभा. शिवाय पुस्तकं शोधणारी सेवा मी दर वेळी हातानं चालू करायचे. मी घरी होते तोवर लाईट कितीदा तरी गेली होती. प्रत्येक वेळी मी जाऊन त्या चार आज्ञा दिल्या होत्या, चहा ढवळावा तितक्या सहज. कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या. वाचनालयाचा सर्व्हर चालायला लागणारी एक गोष्ट माझ्या बोटांत होती आणि बोटं पुण्याला गेली होती.

बाहेरून जोडणीची सोय मी केलेली नव्हती. शनिवार-रविवार दोन्ही आठवडे ऑफिसचं मोठं काम होतं. तिसऱ्या रविवारी पहाटेची एसटी धरली, साडेचार तासांनी पोचले. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

बाईंनी चहा मागवला. टेबलावर एक वही होती, देवघेवीची. मी चाळली. त्या एकोणीस दिवसांतली प्रत्येक नोंद होतीच. पण मागची पानं उलटली तर जानेवारीतल्या नोंदी होत्या, डिसेंबरमधल्या होत्या, ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या होत्या. म्हणजे कोहा चालू असतानाही, संगणकात नोंद झाल्यावर, बाई रोज वहीत लिहीत होत्या. एक दिवस खाडा नाही.

"तुमचा विश्वास नव्हता का?" मी विचारलं. आवाज थोडा चढला असावा.

"तुझ्यावर आहे की," त्या म्हणाल्या. "तू इथे असतेस का?"

मला राग आला होता हे मी मान्य करते. परतीच्या गाडीत शिरूर येईपर्यंत होता. माझ्या तीन रात्रींवर त्यांनी निळ्या शाईनं अविश्वास दाखवला असं वाटत राहिलं. मग आठवलं की त्या आधी एकदा तेरा वर्षांचं काम एका डोंगलमध्ये अडकलेलं बघून बसल्या होत्या. तेव्हाही वह्यांनीच वाचवलं होतं.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ते महिने काय होते हे इथे लिहीत नाही. आमच्या घरातून एक माणूस गेलं. वाचनालयाच्या सभासदांतले नऊ. बाई वर्गणीच्या वहीत त्यांच्या नावापुढे काही न लिहिता नुसती रेघ मारून ठेवत.

दुसऱ्यांदा निवड करायची वेळ आली ती दिवाळीनंतरच्या बैठकीत. या वेळी मी आधी कबुली दिली. २०२९ नाही, पुढच्या महिन्यात संपतंय, आणि हे मला गेल्या डिसेंबरपासून माहीत होतं. शांतता झाली. कार्यवाहांनी इतिवृत्ताचं जुनं पान उघडलं, वाचलं, आणि मिटलं. मला ते वाक्य ऐकावं लागलं असतं तर बरं झालं असतं.

मग चर्चा. कार्यवाहांचं म्हणणं विंडोज घ्या. त्यांच्या मेडिकलचं बिलिंग विंडोजवर आहे, बिघडलं तर बाजारातला मुलगा अर्ध्या तासात येतो. हा मुद्दा मी पूर्वी हसण्यावारी नेला असता. आता नाही नेला, कारण अर्ध्या तासात येणारा मुलगा ही फार मोठी गोष्ट आहे. अडचणी दोन. कोहा विंडोजवर धड चालत नाही. आणि विंडोज सर्व्हरचा परवाना घ्यायचा तर यंत्राचा वेगळा आणि वापरणाऱ्यांचा वेगळा, असा हिशोब असतो. लहान संस्थांसाठी पंचवीस जणांपर्यंतची एक सुटसुटीत आवृत्ती आहे, पण तिचेही पैसे आहेतच. बाजारातला मुलगा म्हणाला होता, फुकट टाकून देतो. म्हणजे क्रॅक. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत चोरीची प्रत बसवायची, तीही पुस्तकांच्या घरात. मुख्याध्यापकांनी नुसती मान हलवली आणि तो विषय संपला.

दूधवाल्यांनी विचारलं, क्लाउडवर का नाही, आमचं संकलनाचं सगळं तिकडेच असतं. चांगला प्रश्न. पण आमच्याकडे इंटरनेट सुट्टीवर असण्याचं प्रमाण बरंच. शिवाय महिन्याचं बिल. आमच्या संस्थेला एकदा सोळा हजार खर्चणं जमतं. दर महिन्याला हजार रुपये, न चुकता, अनुदानाचा हप्ता आलेला असो वा नसो, हे जमत नाही. हे पैशाचं गणित नाही, पैसा कधी येतो याचं गणित आहे. लहान संस्था चालवलेल्यांना कळेल.

सेंटओएसची जागा घ्यायला त्याच वर्षी दोन नव्या प्रणाली आल्या होत्या, मार्चमध्ये अल्मालिनक्स आणि जूनमध्ये रॉकी. मला त्या आपोआप जमल्या असत्या. म्हणूनच मी त्या बाजूला ठेवल्या. माझ्या बोटांच्या सवयीवर एकदा निर्णय झाला होता.

उरलं उबंटू आणि डेबियन. खरं तर भाऊ-भाऊ, उबंटू डेबियनमधूनच बनतं. उबंटूच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा होता: गावातला एक मुलगा पॉलिटेक्निकला होता आणि त्याच्या लॅपटॉपवर उबंटू होतं. पण तोच म्हणाला, "ताई, आज्ञा सारख्याच आहेत की."

दादा इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "या डेबियनचा मालक कोण?"

मी सांगितलं, कुणी नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं, मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांच्या नावांतून नाव केलं. आता जगभरचे हजाराच्या आसपास सभासद आहेत, ते दर वर्षी मतदान करून प्रमुख निवडतात. लेखी घटना आहे. वापरणाऱ्यांना काय वचन दिलंय त्याचा करारनामा १९९७ पासून आहे. कंपन्या देणग्या देतात, पण तारीख बदलायची तर सभासदांनी बदलायची.

"म्हणजे सोसायटी," दादा म्हणाले.

"सोसायटीच."

आमच्या जिल्ह्याला हे समजावायला वेळ लागत नाही. प्रवरेच्याच काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात पहिल्यांदा पेटला, आणि दादांच्या वडिलांनी तेव्हा बैलगाडीनं जाऊन तो बघितला होता, अशी त्यांची नेहमीची गोष्ट आहे. पण दादांनी आयुष्यभर सोसायट्या आतून बघितल्या होत्या. ते पुढे म्हणाले, "सोसायटीत भांडणं असतात. यांच्यात आहेत का?"

"भरपूर," मी म्हणाले. खरंच आहेत. त्यांच्या ईमेल-याद्या वाचल्या तर आपल्या पंचवार्षिक निवडणुका सभ्य वाटतील.

"मग जिवंत आहे," दादा म्हणाले.

बाईंचा प्रश्न शेवटी आला. "बंद पडलं तर कोण येणार? तू धरू नकोस. उद्या लग्न होऊन तू अमेरिकेला जाशील."

लग्नाचा भाग मी सोडून दिला. प्रश्न मात्र तोच होता आणि मी तो स्वतःला एकदाही विचारलेला नव्हता. येणारा होता पॉलिटेक्निकचा मुलगा. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डेबियन ११ मी बसवलंच नाही. त्यानं बसवलं. मी शेजारी हात मांडीखाली दाबून बसले होते, अक्षरशः. माझी बोटं मध्ये जाऊ नयेत म्हणून. तो चुकला, परत सुरू केलं, परत चुकला. प्रत्येक पायरी त्यानं वहीत मराठीत लिहिली. बसवल्यावर आम्ही पाच वेळा सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. पाचही वेळा लाईट आल्यावर कोहा आपोआप उठलं. पॅकेजमधून बसवलं की सेवा यंत्राबरोबर सुरू होतात, रोज रात्री माहितीची एक प्रतही निघते. माझ्या तीन रात्रींच्या करामतीपेक्षा ते जास्त चांगलं होतं आणि त्यात माझं काहीच नव्हतं. त्या रात्री अंगणात कुणी नाचलं नाही.

त्या प्रतीचे दोन पेनड्राइव्ह आहेत. एक कार्यवाहांच्या मेडिकलच्या गल्ल्यात, एक बाईंच्या घरी, स्टीलच्या डब्यात. दर शनिवारी अदलाबदल. मुख्य पासवर्ड लिफाफ्यात, लाखेनं बंद, इतिवृत्ताच्या कपाटात.

डेबियनवर एक आक्षेप असतो की ते जुनंपुराणं असतं. खरं आहे. साधारण दोन वर्षांनी एक पक्की आवृत्ती निघते आणि निघाल्यावर तिच्यात नवं काही घालत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. नव्याची हाव असलेल्याला ते नकोसं वाटतं, मलाही वाटायचं. नेवाशाला पैस खांबाजवळ लहानपणी सहल गेली की गुरुजी हमखास सांगायचे: इथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ ला, पुढे नकलांवर नकला होऊन तिच्यात पाठभेद शिरले, आणि जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे कुणी भर घालू नये असं बजावलं. कंटाळा यायचा ते ऐकताना. डेबियनची 'स्टेबल' म्हणजे काय हे त्या मुलाला समजावताना माझ्या तोंडून नेमकं तेच निघालं. त्यालाही कंटाळाच आला.

२०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आलं. त्यांच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटांमधल्या पात्रांची नावं असतात, याचं नाव 'बुकवर्म', टॉर्च घेऊन पुस्तकं धुंडाळणारा हिरवा किडा. त्या मुलानं ते दिवाळीच्या सुट्टीत चढवलं आणि मला नंतर कळवलं. नंतर! मी चिडायच्या बेतात होते. बाईंनी नावाचा अर्थ विचारून घेतला होता. "किडा कशाला आणलास," त्या त्याला म्हणाल्या म्हणे, "वाळवी काय कमी आहे?"

२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. कोहात पत्ता बदलायला बाईंना दोन मिनिटं लागली, कुणालाही न विचारता. रबरी शिक्का मात्र अजून जुनाच आहे, नव्या शिक्क्याचा खर्च पुढच्या बैठकीत मंजूर होणार आहे. तो मुलगा आता चाकणला नोकरीला आहे. त्यानं जाण्याआधी बारावीतल्या एका मुलीला शिकवलं, त्याच वहीतून. तिचं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे आणि तिनं त्याची दोन पानं चुकीची ठरवून वर कागद चिकटवले आहेत.

माझी एक चूक मात्र आत राहून गेली आहे. टाळेबंदीत टाइप करताना निम्म्यात मी की-बोर्डची पद्धत बदलली. 'वाऱ्यावरची' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो, दिसायला एकच, आत वेगळा. त्यामुळे 'वाऱ्यावरची वरात' शोधलं तर चारातल्या दोनच प्रती सापडतात. बारा हजार नोंदी तपासायला हव्यात, मी दर सुट्टीत ठरवते.

तोवर बाईंनी संगणकाच्या पडद्याखाली एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'पु. लं.ची पुस्तके मिळाली नाहीत तर बाईंना विचारावे.'